निरीक्षण पद्धती (मानसशास्त्र)

माणसे किंवा प्राणी प्रत्यक्षात कसे वागतात ते पाहून, ठरलेल्या रीतीने टिपून त्यावरून निष्कर्ष काढण्याची संशोधनपद्धती. प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल सांगतो. इथे त्याचे वागणे पाहिले जाते. सांगणे आणि वागणे यांत अनेकदा अंतर पडते, म्हणून ही पद्धत मोलाची. ज्यांना बोलताच येत नाही अशा तान्ह्या मुलांच्या अभ्यासात तर बहुतेक वेळा हाच मार्ग उरतो.

चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या हालचाली टिपून ठेवल्या आणि १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. सातव्या दिवशी तळपायाला कागदाचा कपटा लावताच बाळाने पाय झटकन ओढून घेतला व बोटे आखडली, इतकी बारीक नोंद त्यात आहे. झ्याँ पियाजे यांनीही स्वतःच्या तीन मुलांना असेच न्याहाळले. पण बाप आणि निरीक्षक एकच असला की नोंदीत तथ्य किती आणि माया किती, हे तिसऱ्याला तपासता येत नाही.

यावर उपाय म्हणून काय पाहायचे आणि किती वेळ, हे आधीच ठरवण्याची शिस्त आली. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवयातील मुलांना पाळीपाळीने एकेक मिनिट पाहून खेळाचे प्रकार लावले. शेजारी बसून दोघे ठोकळे रचतात, पण मनोरा ज्याचा त्याचा, हा त्यांतला समांतर खेळ. अवघड भाग व्याख्येचा असतो. एका मुलाने दुसऱ्याला ढकलले, तर ती मस्ती की मारामारी? हे निरीक्षणाआधी ठरले नसेल तर आकडे कितीही जमले तरी व्यर्थ. मोठ्यांना बाहुली बडवताना पाहून मुलेही तसेच करतात का, हे तपासणाऱ्या अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात २० मिनिटांचे ५-५ सेकंदांचे २४० तुकडे पाडून नोंदी केल्या गेल्या आणि निम्म्या मुलांच्या नोंदी दुसऱ्या निरीक्षकानेही स्वतंत्रपणे केल्या. दोघांचे जुळणे निव्वळ योगायोगाने किती झाले असते, ते वजा करणारे ‘कोहेनचा कप्पा’ हे माप १९६० पासून वापरात आहे.

नैसर्गिक निरीक्षणात संशोधक कशातही ढवळाढवळ करत नाही. रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांच्या गटाने २६ एप्रिल १९४९ रोजी कॅन्सासमधल्या एका लहान गावातील सात वर्षांच्या मुलाचा अख्खा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, आठ निरीक्षकांनी आळीपाळीने टिपला. प्रयोगशाळेत असे काही मिळणे शक्य नाही. ‘नुसते बघायचे तर आहे’ असे ज्याला वाटते त्याने अर्धा तास असे लिहून पाहावे. याउलट तान्ह्या मुलाची आईशी असलेली जवळीक तपासणाऱ्या मेरी एन्सवर्थ यांच्या ‘अनोळखी परिस्थिती’ या चाचणीत सुमारे तीन-तीन मिनिटांचे प्रसंग ठरलेल्या क्रमाने घडवले जातात, आई परतल्यावर मूल काय करते, हे त्यात सर्वांत महत्त्वाचे. अशा नियंत्रित निरीक्षणाने तुलना सोपी होते, पण प्रयोगशाळेतली ती खोली मुलाला परकीच राहते.

आपल्याला कोणी पाहते आहे हे कळले की वागणे बदलते, हा सर्वांत ठळक दोष. निरीक्षकाची अपेक्षाही आड येते. गणिते सोडवणारा म्हणून गाजलेला हान्स हा घोडा प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली पाहून खूर आपटायचे थांबतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवले. शिवाय निरीक्षणातून दोन गोष्टी सोबत घडतात एवढे दिसते. एकीमुळे दुसरी घडली, हे त्यावरून ठरत नाही.

सहभागी निरीक्षणात संशोधक गटातच मिसळतो. आतले बरेच कळते, पण जोखीमही वाढते. १९५४ मध्ये जगबुडीची वाट पाहणाऱ्या एका छोट्या अमेरिकी गटात लिऑन फेस्टिंगर यांचे निरीक्षक खोट्या कहाण्या सांगून शिरले. त्या कहाण्यांनी मूळ सदस्यांची श्रद्धा आणखी पक्की झाली असावी, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय कोणाचीही संमती घेतलेली नव्हती. डेव्हिड रोझनहान यांचा, तोतया रुग्ण मनोरुग्णालयांत पाठवल्याचा १९७३ चा लेख अनेक वर्षे आदर्श मानला गेला. २०१९ मध्ये पत्रकार सुझाना कॅहलन यांनी शोध घेतला, तेव्हा बहुतेक तोतया रुग्णांचा मागच लागला नाही आणि स्वतःही तोतया रुग्ण बनलेल्या रोझनहान यांच्याबद्दलच्या रुग्णालयातील नोंदी छापील वर्णनाशी जुळल्या नाहीत.