सोलापूरच्या काळ्या दगडात डायनासोरची अंडी का नाहीत?

विहिरीत किंवा खडीच्या खाणीत गोल गरगरीत दगड निघाला, की ‘डायनासोरचं अंडं’ म्हणून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागत नाही. आपल्या भागात तो बहुतेक वेळा बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, असतो. काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात, मधला गाभा गोल उरतो आणि त्यावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. खऱ्या अंड्याला असे थरावर थर नसतात. कवच एकच, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं, आणि आत दगड झालेला गाळ.

भारतातली डायनासोरची घरटी मुख्यतः लमेटा नावाच्या खडकांत सापडतात. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून आलं. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या कॅप्टन स्लीमनला 1828 मध्ये जबलपूरलाच हाडं मिळाली होती. अंड्यांना मात्र दीडशे वर्षं थांबावं लागलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, चुनखडीच्या खडकात ती ओळखू आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी 1983 मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. तिथल्याच धोली डुंगरीच्या एका घरट्यात अंड्यांशेजारी लहान हाडं होती. ती सगळी पिल्लाची असावीत असं आधी वाटलं, पण त्यांत सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप निघाला. त्याचं ‘सनाजे इंडिकस’ असं बारसं झालं ते थेट 2010 मध्ये.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याने तर आकडाच फिरवला: 2023 च्या शोधनिबंधात 92 घरटी आणि 256 अंडी. अंडी साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची, घरटी इतकी दाटीवाटीने की मादीला त्यांत वावरायला जागाच नसावी. म्हणजे अंडी घातली की ती निघून जात असणार. याच जिल्ह्यात काही गावकरी ही अंडी ‘काकड भैरव’ म्हणून पुजत होते. हसू नये; गोल दगडाला शेंदूर लागायला आपल्याकडे तरी कुठे वेळ लागतो?

अंडी टिकली ती चुन्यामुळे. कोरड्या हवामानात जमिनीतलं पाणी उडून जातं आणि चुना मागे साचतो. सोलापूरच्या काळ्या मातीखाली नांगराला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे असेच तयार होतात. त्या काळी नदी-तळ्यांकाठच्या वाळूत पुरलेल्या अंड्यांभोवती हाच चुना घट्ट बसला.

मग लाव्हा आला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरले आणि ती जमीन गाडली गेली. नर्मदेच्या खोऱ्यात झीज होऊन ती पुन्हा उघडी पडली, आपल्याकडे नाही. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातही कधी कवचाचे तुकडे सापडतात, कच्छमधल्या अंजारला सापडलेत; पण सोलापूरकडचे थर बरेचसे वरचे, म्हणजे उशिराचे.

खाली काय आहे याचा एक अंदाज शेजारच्या किल्लारीने दिला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तिथे खोल बोअर घेतलं: 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली फक्त 8 मीटर गाळाचा खडक, मग एकदम अतिप्राचीन पाषाण. मनगटाएवढ्या नळीतून वर आलेल्या तुकड्यात घरटं सापडेल ही आशा फोल. लाव्हाआधीची जमीन महाराष्ट्रातच पाहायची तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा गाठावं. तिथे डायनासोरची हाडं आहेत, शिवाय दगड झालेली विष्ठाही, आणि तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आहेत.