गळक्या क्लोरिनवर पाणी का मारायचं नाही

धूर दिसला की माणसाचा हात पाण्याच्या पाइपकडे जातो. क्लोरिनच्या टोनरला (सुमारे ९०० किलो क्लोरिन मावणारी ती आडवी टाकी) छिद्र पडलेलं असताना हीच सवय नडते. पाण्यात मिसळलेल्या क्लोरिनची आम्लं होतात, ती छिद्राच्या कडेचं पोलाद खातात आणि छिद्र वाढत जातं. शिवाय गळताना टाकी गार पडलेली असते. पाण्याची ऊब मिळाली की आतला द्रव आणखी जोरात उकळतो.

जाणकार माणूस आधी टोनर फिरवून छिद्र वर आणतो. टाकीत खाली द्रव असतो, वर वायू. एक लिटर द्रव क्लोरिनचा साधारण ४६० लिटर वायू होतो. तेव्हा त्याच छिद्रातून द्रवाऐवजी वायू जाऊ दिला, तर बाहेर पडणारं विष कितीतरी कमी होतं. गळती बारीक असेल तर अमोनियाच्या पाण्याची उघडी बाटली जवळून फिरवतात. जिथे क्लोरिन असेल तिथे पांढरा धूर उमटतो. हा धूर म्हणजे आपला नवसागर! अर्थात हे सगळं हवेचा सिलिंडर पाठीला बांधलेल्या, शिकलेल्या माणसाचं काम.

क्लोरिन निदान नाकाला झोंबतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त कपटी: १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि ‘वास गेला’ म्हणून माणूस निर्धास्त होतो. मला मात्र सगळ्यात भीती वाटते ती नायट्रोजनची. त्याला ना वास, ना रंग, आणि तो विषारीही नाही. पण गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत उतरलेला माणूस कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखाच बाहेर टाकत असतो. जीव घाबरा होत नाही आणि एकदोन श्वासांत तो खाली पडतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, चक्कर आली. तो उतरतो. मग तिसरा. म्हणून हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या गाळणीच्या मास्कवर कुणीही आत जायचं नाही. गाळणी विष अडवते, ऑक्सिजन तयार करत नाही.

दाबाची गोष्ट थोडक्यात. गाडीच्या टायरमध्ये दोन बारच्या वर थोडाच दाब असतो, ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० ते २०० बार. तो आडवा पडून पितळी व्हॉल्व्ह तुटला की सिलिंडर अग्निबाणासारखा सुटतो. साखळी आणि टोपी त्यासाठीच असतात.

कारखान्याचा आपत्कालीन आराखडा वाचताना मी आधी गळती झाल्यावर सगळ्यांनी जमण्याची जागा पाहतो. ती एकच असेल तर आराखडा टेबलावर बसून लिहिलाय असं समजतो, कारण वारा रोज दिशा बदलतो. कारखान्याच्या समोरासमोरच्या बाजूंना अशा दोन जागा हव्यात आणि वारा दाखवणारी कापडी नळी सगळीकडून दिसायला हवी. क्लोरिन हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे खड्डा किंवा तळघर टाळायचं. अमोनिया हलका खरा, पण द्रवरूपात फुटला तर त्याचं गार धुकं जमिनीलगतच सरकतं.

जमल्यावर हजेरी घ्यायची, कंत्राटी कामगार आणि पाहुणे धरून. एक नाव कमी भरलं तर ते नाव आणि माणूस शेवटचा कुठे दिसला ते बचाव पथकाला सांगायचं, आणि स्वतः तिथेच उभं राहायचं.