ब्लॅक सॉक्स प्रकरण: १९२१ च्या बंदीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या आयुक्तांनी १३ मे २०२५ रोजी १७ दिवंगत व्यक्तींची नावे कायमच्या अपात्रतेच्या यादीतून वगळली. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे वार्षिक विजेतेपदाच्या मालिकेत, पैशासाठी हार पत्करल्याचा ठपका असलेले शिकागो व्हाइट सॉक्स संघातील ८ खेळाडू त्यांत होते; हेच पुढे 'ब्लॅक सॉक्स' म्हणून ओळखले गेले. यांपैकी ज्या सात जणांवर खटला चालला त्यांना न्यायालयाने निर्दोष सोडले होते आणि तरीही आठही जणांवर बंदी आली होती. त्यामुळे २०२५ च्या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी १९२१ मधील दोन दिवसांकडे पाहावे लागते.

सामने विकण्याचा प्रकार १९१९ मध्ये नवा नव्हता. १८७७ मध्ये लुईव्हिल संघाच्या ४ खेळाडूंना याच कारणावरून कायमचे बाहेर काढण्यात आले होते. पुढे मात्र ही कठोरता उरली नाही. १९१९ च्या आरंभी, सहकाऱ्यांना लाच देऊ केल्याचा आरोप असलेल्या पहिल्या बेसवर (धावपटूंना गाठाव्या लागणाऱ्या तळांपैकी पहिल्यावर) क्षेत्ररक्षण करणाऱ्या एका नामांकित खेळाडूला लीगच्या अध्यक्षांनी दोषमुक्त केले आणि तो पुन्हा मैदानात उतरला. असे काही केले तरी निभावून जाते, हा धडा त्या हंगामातील प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांसमोर होता.

ऑक्टोबर १९१९ मधील मालिका शिकागोने सिनसिनाटीविरुद्ध ५-३ अशी गमावली. पहिल्याच सामन्यात शिकागोच्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) आपला दुसरा चेंडू समोरच्या फलंदाजाच्या पाठीवर मारला; कट ठरल्याची ती जुगाऱ्यांना दिलेली खूण होती, असे मानले जाते. सप्टेंबर १९२० मध्ये ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) त्या पिचरने १०,००० डॉलर आणि डाव्या आउटफिल्डमधील (मैदानाच्या दूरच्या डाव्या भागातील) प्रख्यात खेळाडूने ५,००० डॉलर घेतल्याची कबुली दिली.

खटला उभा राहण्यापूर्वीच सह्या असलेले मूळ जबाब सरकारी दप्तरातून गहाळ झाले. त्याहून मोठी अडचण कायद्याची होती. सामना मुद्दाम हरणे हा इलिनॉय राज्यात स्वतंत्र गुन्हा नव्हता, म्हणून खेळाडूंवर फसवणुकीच्या कटाचा आरोप ठेवावा लागला. केवळ सामना हरण्याचा हेतू पुरेसा नाही, जनतेला व इतरांना फसवण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, असे न्यायाधीशांनी ज्युरीला बजावले. २ ऑगस्ट १९२१ च्या रात्री ज्युरीने खटल्यातील सर्वांना निर्दोष ठरवले. न्यायालयात टोप्या उडाल्या आणि ज्युरीतील काहींनी खेळाडूंना खांद्यावर उचलून घेतले. दुसऱ्याच दिवशी नव्या आयुक्तांनी, जे स्वतः संघीय न्यायाधीश होते, आठही जणांना व्यावसायिक बेसबॉलमधून हद्दपार केले.

या आदेशात तीन वेगवेगळी कृत्ये एकाच तागडीत टाकली होती: सामना विकणे, विकण्याचे वचन देणे आणि तसा बेत शिजत असताना बैठकीत बसूनही आपल्या संघाला त्वरित न कळवणे. तिसरा निकष प्रत्यक्षात तिसऱ्या बेसच्या खेळाडूला लागू होता. त्याने पैसे घेतल्याचा पुरावा नव्हता आणि मालिकेत त्याने ११ हिट (बेस गाठून देणारे यशस्वी फटके) मारले होते. त्याच्या मौनाला पैसे घेणाऱ्याइतकीच शिक्षा देणे अन्यायकारक होते. डाव्या आउटफिल्डमधील खेळाडूच्या १२ हिटचा दाखला नेहमी दिला जातो, पण त्याने रक्कम स्वीकारली होती. सहानुभूतीचा मोठा वाटा मात्र त्यालाच मिळत आला आहे. तिसऱ्या बेसच्या खेळाडूने पुढे वारंवार अर्ज केले, ते सर्व फेटाळले गेले आणि १९५६ मध्ये तो वारला.

त्याच आयुक्तांची दुसऱ्या एका प्रकरणातील भूमिका येथे नोंदवणे आवश्यक आहे. १९१९ मधीलच एका सामन्याबाबत दोन अतिप्रसिद्ध खेळाडूंवर आरोप झाले, तेव्हा आरोप करणारा साक्षीला आला नाही म्हणून जानेवारी १९२७ मध्ये दोघांनाही निर्दोष ठरवण्यात आले. त्यानंतर सट्ट्याविषयीचे नियम लेखी स्वरूपात आले. आपण खेळत नसलेल्या सामन्यावर पैज लावल्यास एक वर्षाची बंदी आणि आपल्या सामन्यावर लावल्यास कायमची अपात्रता, अशी विभागणी झाली. देऊ केलेली लाच न कळवणेही कायमच्या अपात्रतेस कारण ठरले.

याच नियमाखाली १९८९ मध्ये ४,२५६ हिटचा विक्रम करणारा सिनसिनाटीचा माजी खेळाडू व व्यवस्थापक बाहेर गेला. बेसबॉलमधील थोरांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमने अपात्र व्यक्तींना मतदानातून वगळण्याचा नियम त्यानंतर, १९९१ मध्ये केला. १९३६ च्या पहिल्या मतदानात शिकागोच्या आउटफिल्डरला २ मते पडली होती, म्हणजे लेखी मज्जाव तेव्हा नव्हता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केले, सट्टा कंपन्या खेळाच्या अधिकृत भागीदार झाल्या आणि २०२४ मध्ये एका खेळाडूवर स्वतःच्या संघावर पैज लावल्याबद्दल कायमची बंदी आली.

मृत व्यक्तीपासून खेळाच्या सचोटीला धोका उरत नाही, हे २०२५ च्या निर्णयाचे मुख्य कारण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये निधन पावलेल्या त्या विक्रमवीराच्या कुटुंबाच्या अर्जावर तो झाला आणि शिकागोचे आठही जण त्याच तर्काने मोकळे झाले. या निर्णयात कोणाचाही दोष नव्याने तपासलेला नाही. तिसऱ्या बेसच्या खेळाडूची मागणी आपले प्रकरण इतरांपासून वेगळे काढून पाहावे अशी होती, आणि ते काम २०२५ मध्येही झालेले नाही.