चेनचा कापडी पाऊच

चेनचा कापडी पाऊच : बाहेरचे कापड, आतले अस्तर आणि तोंडाला चेन अशा तीन वस्तूंपासून घरच्या शिलाई मशीनवर शिवली जाणारी लहान चपटी पिशवी. पेन-पेन्सिली, गोळ्या-औषधे, सॅनिटरी पॅड, चार्जरच्या वायरी, सुटे पैसे, लोकलचा पास, प्रवासात न्यायचे दागिने अशा बारीकसारीक वस्तू त्यात ठेवतात. सगळ्या शिवणी बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्या मधल्या पोकळीत जातात. त्यामुळे चांगला शिवलेला पाऊच आतून उलटा करून पाहिला तरी कापडाची कच्ची कड कुठे दिसत नाही. सगळ्या टिपा सरळ असल्याने शिवण शिकणाऱ्याने चेन लावण्याचा पहिला हात यावरच बसवावा. ब्लाउजला किंवा कुर्त्याला चेन लावताना अंगाच्या मापाचीही काळजी असते, इथे ती नसते.

महाराष्ट्रात अशा कामासाठी पूर्वीपासून बटवा, चंची आणि कमरेला बांधायचा कसा होता. बटव्याचे तोंड नाडीने आवळतात. चंचीत पान, सुपारी, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असतात आणि ती गुंडाळून दोरीने बांधतात. चेन या घरात बरीच उशिरा आली. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ साली बुटांसाठी आकड्यांच्या बंदाचे पेटंट घेतले, पण ते बंद वापरात मध्येच सुटत. मूळचे स्वीडनचे अभियंते गिडिऑन सुंडबॅक यांनी १९१३ साली एकमेकांत अडकणाऱ्या दातांची रचना सिद्ध केली आणि १९१७ मध्ये तिचे पेटंट मिळाले. आजची चेन त्याच तत्त्वावर चालते. १९२३ साली गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांसाठी ‘झिपर’ हे नाव वापरले आणि ते रूढ झाले. कपड्यांवर सर्रास येण्याआधी चेन प्रामुख्याने बूट आणि तंबाखूचे पाऊच यांवरच असे. तेव्हा पाऊच आणि चेन यांची जोडी चेनच्या बालपणापासूनची आहे.

साहित्य

बाहेरच्या बाजूला न ताणले जाणारे, मध्यम जाडीचे सुती कापड सर्वांत सोयीचे पडते. कॅनव्हास, खादी, जुन्या जीन्सचा पाय, इरकल साडीचा चांगला उरलेला भाग यांतले काहीही चालते. ओटीत आलेले ब्लाउजपीस घराघरांत साठून राहतात, त्यांचा याहून चांगला उपयोग क्वचितच होत असेल. खण आणि पातळ ब्लाउजपीस मात्र नुसते वापरले तर पाऊच लुळा पडतो. त्यांना मागून इस्त्रीने चिकटणारे फ्युजिंग लावावे किंवा मध्ये मांजरपाटाचा थर घ्यावा. सुती कापड आणि मांजरपाट कापण्याआधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घेणे आवश्यक आहे. पहिल्या धुण्यात मांजरपाटाची खळ जाते आणि तो आटतो. तसाच शिवला तर अस्तर आखडते आणि बाहेरच्या कापडाला सुरकुत्या पडतात. नव्या गडद खणाचा रंग जातो का, तेही ओला पांढरा रुमाल घासून आधीच पाहावे.

अस्तर फिकट रंगाचे घ्यावे, म्हणजे पाऊचच्या तळाशी पडलेले कानातले किंवा गोळीची पट्टी दिसते. टूथब्रश, साबण अशा ओल्या वस्तूंसाठी छत्रीचे कापड अस्तराला चालते, मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवता येत नाही.

चेनचे ढोबळ तीन प्रकार बाजारात मिळतात : नायलॉनच्या वेटोळ्याची, जाड प्लास्टिकच्या दातांची आणि धातूची. घरी शिवायला नायलॉनची उत्तम. ती हवी तिथे साध्या कात्रीने कापता येते, आणि चुकून दातांवरून टीप गेली तरी सुई बहुधा वाचते. धातूच्या चेनवर सुई आदळली की मोडते. चेनचा ‘३ नंबर’, ‘५ नंबर’ हा आकडा मिटलेल्या दातांच्या मिलिमीटरमधल्या रुंदीशी ढोबळपणे जुळतो. हातात मावणाऱ्या पाऊचला ३ नंबर पुरतो. रोज अनेकदा उघडबंद होणाऱ्याला ५ नंबर घ्यावा. ठरावीक लांबीच्या तयार चेनपेक्षा मीटरवर मिळणारी चेन आणि सुटे रनर (चेन उघडबंद करणारी सरकती कडी) घेणे कधीही फायद्याचे, कारण मग चेनच्या मापाचा पाऊच न शिवता पाऊचच्या मापाची चेन कापता येते.

मशीन पायाची असो, हाताची असो की विजेची, सरळ टीप मारणारी कोणतीही चालते. एक वस्तू मात्र हवीच. मशीनचा नेहमीचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, दोन बाजूंचा असतो. चेनच्या दातांचा उंचवटा त्याखाली आला की टीप वाकडी पळते. त्यासाठी एकाच बाजूचा, चेन लावायचा फूट शिलाईच्या सामानाच्या दुकानात वेगळा मिळतो. मध्यम सुती कापडाला १४ नंबरची सुई, जीन्स किंवा कॅनव्हासला १६ नंबरची. मशीन नसेल तर प्रत्येक टाका मागे घेत हाताने घातलेली बारीक टीपही टिकाऊ होते. धावदोरा मात्र घालू नये, तो ताणाने सुटत जातो.

माप आणि कापणे

शिवून सुमारे ९ इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच होणाऱ्या पाऊचसाठी १० × ७ इंचांचे बाहेरच्या कापडाचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे लागतात. यात बाजूंना आणि तळाला अर्धा इंच, चेनकडे पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडायचे जादा कापड) धरली आहे.

१० इंचांची बाजू, म्हणजे ज्या बाजूला चेन लागणार ती, शक्यतो कापडाच्या उभ्या धाग्यावर, म्हणजे कापडाच्या काठाला समांतर घ्यावी. उभा धागा आडव्यापेक्षा कमी ताणतो. चेनची पट्टी तर अजिबात ताणत नाही. ताणणारे कापड न ताणणाऱ्या पट्टीला जोडले की शिवताना ते नकळत लांब होते आणि तयार पाऊचचे तोंड लाटेसारखे वरखाली होते. ३६ इंच पन्ह्याच्या ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमधून अशा रीतीने १५ तुकडे निघतात, म्हणजे सात पाऊचचे बाहेरचे कापड, आणि कडेला उरलेल्या पट्टीत चेनच्या टोकांची कापडे. नक्षीत कोयरी, मोर, झाड असे काही उभे असेल तर तुकडे आडव्या धाग्यावर घ्यावे लागतात आणि १२ तुकड्यांत सहाच पाऊच होतात. अशा वेळी फ्युजिंग लावल्याखेरीज चेन जोडू नये.

चेनची टोके

पाऊच घरगुती दिसतो की नेटका, हे चेनच्या दोन टोकांवर ठरते. शिकवताना याच जागी घाई होते. चेन पाऊचच्या पूर्ण रुंदीची ठेवली तर तिची टोके बाजूच्या शिवणीत जातात. तिथे बाहेरचे कापड, अस्तर आणि दात यांचा गठ्ठा होतो, कोपरा आत खचतो आणि सुई अडखळते. यावर उपाय साधा आहे. चेन साडेआठ इंचच कापायची आणि तिच्या प्रत्येक टोकाला कापडाची लहान घडी जोडून एकूण लांबी १० इंच करायची.

त्यासाठी १ इंच रुंद, २ इंच लांब अशा दोन पट्ट्या घेऊन त्यांची मधोमध घडी घालावी. घडीची बंद कड चेनच्या टोकावर पाव इंच चढवून कडेलगत टीप मारावी. प्रत्येक टोकाला पाऊण इंच कापड बाहेर उरते. पुढे बाजूची टीप कडेपासून अर्ध्या इंचावर पडते, म्हणजे चेनच्या टोकापासून पाव इंच दूर, निव्वळ कापडावर. सुई दातांना शिवतसुद्धा नाही आणि कोपरा टोकदार निघतो.

दुसरे टोक बंद करण्याआधी रनर चढवून घ्यावा. मीटरच्या चेनवर तो चढवताना बरेच जण कंटाळतात. टोकाशी चेनच्या दोन्ही पट्ट्या इंचभर सुट्या करून घ्याव्यात आणि रनरच्या ज्या बाजूला दोन तोंडे आहेत तिथे एकेक पट्टी एकाच वेळी, सारखी आत सरकवावी. जेवणाचा काटा टेबलावर धरून त्याच्या दातांत रनर अडकवला तर दोन्ही हात मोकळे राहतात. एक पट्टी एका दाताने जरी पुढे गेली तरी टोके वरखाली येतात आणि त्या चेनवर शिवलेला पाऊच तिरकाच होतो. टोके जुळली नाहीत तर रनर काढून पुन्हा चढवावा. हे पुढे कुठेही दुरुस्त होत नाही.

थर लावणे

सर्वांत खाली बाहेरच्या कापडाचा तुकडा, सुलट बाजू वर. त्यावर चेन, रनरचे तोंड खाली म्हणजे कापडाकडे. त्यावर अस्तर, सुलट बाजू खाली. तिन्हींच्या वरच्या कडा जुळवून टाचण्या किंवा कच्चे टाके घालावेत आणि पाव इंचावर टीप मारावी. नवशिक्याला हा क्रम उलटा वाटतो, कारण शिवताना पाऊचची एकही सुलट बाजू दिसत नाही. टीप मारण्याआधी टाचण्यांसकट एकदा उलगडून पाहिले की शंका मिटते आणि उसवण्याचा व्याप वाचतो.

टीप रनरजवळ आली की बाहेर ढकलली जाते. तिथे सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचलावा, रनर मागे शिवलेल्या भागात सरकवावा, फूट टेकवून पुढे जावे. कापड मागून खेचू नये. मशीनचे दात ते नेतात, हाताने फक्त दिशा द्यायची.

आता बाहेरचे कापड आणि अस्तर चेनपासून दूर उलटवून, उलट बाजूला उलट बाजू मिळवून इस्त्री करावी. नायलॉनचे दात गरम इस्त्रीने वितळतात, म्हणून त्यांवर इस्त्री टेकू देऊ नये. नंतर चेनच्या कडेने, दुमडीपासून एक अष्टमांश इंचावर, सुलट बाजूने दुसरी टीप मारावी. ही टीप शोभेची समजून अनेक जण गाळतात. खरे तर अस्तर रनरमध्ये अडकू नये ते हिच्यामुळेच. ती नसेल तर अस्तर सैल होऊन दातांकडे सरकते, रनर ते गिळतो आणि मग ओढाताणीत चेन बिघडते. दुसऱ्या बाजूचे तुकडेही याच क्रमाने जोडायचे.

बाजू शिवणे आणि उलटणे

यानंतर चेन दोन तृतीयांश तरी उघडी ठेवावी. ती मिटलेली राहिली तर शेवटी पाऊच उलटता येत नाही. रनर आत कोंडला जातो आणि बाहेरून त्याला हात पोहोचत नाही.

बाहेरचे दोन तुकडे सुलटीवर सुलट, अस्तराचे दोन तुकडे सुलटीवर सुलट असे ठेवून भोवताली टीप मारतात. चेनच्या टोकांशी दातांची दुमड अस्तराच्या बाजूला वळवावी, त्याने वरचा कोपरा भरीव येतो. अस्तराच्या बाजूंची टीप दोरभर आत घेतली तर ते पाऊचच्या आत चोळामोळा होऊन बसत नाही. अस्तराच्या तळाशी चार इंच जागा न शिवता सोडायची आणि तिच्या दोन्ही टोकांना टीप मागेपुढे करून पक्की करायची. तळाला खोली हवी असेल तर कोपऱ्यात बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून, टोकापासून १ इंचावर आडवी टीप मारावी. तळ २ इंच रुंद होतो, उंची इंचभर कमी होते. अस्तरालाही तेवढेच करावे लागते.

कोपऱ्यांची माया तिरकी छाटून, सोडलेल्या जागेतून सगळा पाऊच बाहेर काढावा. कोपरे विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने ढकलावेत, कात्रीच्या टोकाने ढकलले की कापड फाटते. उरलेली फट कडा आत दुमडून शिवली की काम झाले.

चलन

महाराष्ट्रात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात वाण म्हणून असे पाऊच मोठ्या प्रमाणावर दिले जातात, आणि डिसेंबरपासून घरी शिवणाऱ्या बायकांच्या मशीनवर त्यांचीच गर्दी असते. मार्च २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढल्यावर कापडी पिशव्यांकडे लक्ष वळले. बचत गटांच्या विक्रीत, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनातही, खणाचे आणि पैठणी काठाचे पाऊच ठळकपणे दिसतात. एकेक पाऊच पूर्ण करण्याऐवजी आधी सगळ्यांचे कापणे, मग सगळ्या चेनची टोके, मग सगळे थर अशा टप्प्यांनी काम केले तर फूट बदलण्याचा आणि दोरा बदलण्याचा वेळ वाचतो. या कामाचा मोबदला ठरवताना कापड-चेनचा खर्च धरतात आणि टोकांवर व इस्त्रीवर गेलेला वेळ विसरतात. तो धरलाच पाहिजे.

निगा आणि दुरुस्ती

धुताना पाऊच उलटा करून, चेन जमेल तितकी मिटून धुवावा. रनर जड चालू लागला तर दातांवर मेणबत्ती घासावी. रनर पुढे जाऊनही मागे दात उघडे राहत असतील तर बहुतेक वेळा दात नव्हे, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा मागच्या बाजूने अगदी हलक्या दाबल्या की दात पुन्हा बसतात. जोर जास्त झाला तर धातू तडकतो. त्यानेही भागले नाही तर एका टोकाच्या कापडाची टीप उसवून नवा रनर चढवता येतो, त्यासाठी बाजूची शिवणही तेवढ्यापुरती सोडवावी लागते. नायलॉनचे वेटोळेच मधे तुटले असेल तर चेन बदलणे भाग आहे : कडेची टीप, मग थरांची टीप ब्लेडने उसवून जुनी चेन काढायची आणि त्याच पाव इंचाच्या खुणांवर नवी बसवायची.