सोनोग्राफी करणारा हात कोण तपासतं?

सोनोग्राफी सेंटरमध्ये नंबर येईपर्यंत नजर भिंतीवर जाते. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक, शेजारी पीसीपीएनडीटी कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र, मग पदव्या, एखाद्या संघटनेचं सदस्यत्व, कार्यशाळांची सर्टिफिकेटं. एवढी कागदपत्रं म्हणजे तपासणी चोख होणार, असं पेशंट धरून चालतो. प्रत्यक्षात यातला प्रत्येक कागद वेगळीच गोष्ट सांगतो, आणि चित्र किती चांगलं निघतं हे सांगणारे कागद त्यात फार थोडे असतात.

नोंदणी प्रमाणपत्रच घ्या. त्यावर केंद्राचा पत्ता, मशीनचा मेक-मॉडेल आणि परवानगी असलेल्या तपासण्या असतात. मुदत 5 वर्षं. कायदा केंद्र सरकारचा, 1994 चा. महाराष्ट्राने त्याआधी 1988 मध्येच स्वतःचा कायदा केला होता. हेतू एकच, लिंगनिवड रोखणं. त्यासाठी गर्भवतीच्या तपासणीची माहिती नोंदवणारा एफ फॉर्म भरायचा, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत द्यायचा. एफ फॉर्ममधली त्रुटीसुद्धा कायद्याचा भंग मानली जाते, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर असते. ही तरतूद 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. हा कडकपणा हवाच. पण बाळाच्या हृदयाचे चारही कप्पे नीट दिसले का, हा प्रश्न या यंत्रणेत कोणी विचारत नाही. एक्स-रे आणि सीटीवर किमान एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, नजर असते. सोनोग्राफीत किरणोत्सार नसल्यामुळे तोही प्रश्न येत नाही.

दर्जाची खरी अडचण हातात आहे. सीटीमध्ये टेबल सरकतं आणि मशीन ठरलेले छेद, म्हणजे शरीराच्या आतल्या पातळ कापांची चित्रं, घेतं. सोनोग्राफीत छेद कुठून घ्यायचा हे मनगट ठरवतं, आणि जो छेद घेतलाच नाही तो नंतर कितीही मोठ्या तज्ज्ञाला दिसणार नाही.

ही तपासणी किती बारीक असू शकते ते एनटी स्कॅनमध्ये कळतं. गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजायची, तीही गर्भाची लांबी 45 ते 84 मिलिमीटर असताना. लांबी 45 असेल तर 95 टक्के गर्भांमध्ये ही जाडी 2.1 मिलिमीटरच्या आत असते, 84 असेल तर 2.7 च्या आत. म्हणजे सगळा खेळ दशांश मिलिमीटरचा. बाळाने मान मागे टाकली असेल तर माप 0.6 मिलिमीटरपर्यंत जास्त येऊ शकतं, हनुवटी छातीला टेकवली असेल तर 0.4 पर्यंत कमी. हाच आकडा आईचं वय आणि डबल मार्करच्या रक्ततपासणीबरोबर सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि डाऊन सिंड्रोमची जोखीम ठरवतो. रक्ताची तपासणी कितीही अचूक असली, तरी एनटी चुकली की हिशेब बिघडला.

म्हणून लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनने, म्हणजे एफएमएफने, मोजायची पद्धतच बांधून दिली. पडद्यावर फक्त डोकं आणि छातीचा वरचा भाग. छेद बरोबर मध्यातून, याची खूण म्हणजे नाकाचं चकचकीत टोक, चौकोनी टाळू आणि मेंदूच्या मधोमध दिसणारा डायएन्सेफेलॉन हा काळसर भाग. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, कमी, कारण गेन वाढला की पांढऱ्या रेषा सुजतात, कॅलिपर (पडद्यावरची मोजायची खूण) त्यांच्या धूसर कडेवर बसतो आणि माप कमी येतं. कॅलिपरची आडवी दांडी नेमकी पांढऱ्या रेषेवर हवी, द्रवात नको. मागची पांढरी रेषा त्वचेची की बाळाभोवतीच्या अ‍ॅम्नियॉन या पडद्याची हे समजत नसेल तर बाळ हलेपर्यंत थांबायचं. घाईच्या ओपीडीत नेमकं इथेच चुकतं. मापं एकाहून जास्त घ्यायची आणि निकषांत बसलेल्यांपैकी सर्वांत मोठं नोंदवायचं.

एफएमएफचा ऑनलाइन कोर्स करून अशी चित्रं पाठवली, ती मान्य झाली, की प्रमाणपत्र मिळतं. खरी मेख पुढे आहे: जोखीम काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी ऑडिट झाल्यावरच पुढे चालू राहतो. ऑडिटमागचं गणित साधं आहे. मोजणारा बरोबर मोजत असेल तर त्याची साधारण निम्मी मापं मध्यकाच्या, म्हणजे अपेक्षित मधल्या मापाच्या, वर पडायला हवीत. बरीच कमी पडत असतील तर तो सातत्याने कमी मोजतोय, आणि हे त्याला स्वतःला कधीच कळलं नसतं. माझ्या मते सोनोग्राफीतली ही सर्वांत प्रामाणिक व्यवस्था आहे, कारण परीक्षा एकदा पास होऊन संपत नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं उपकरण, बहुतेक वेळा डॉक्टर नव्हे तर सोनोग्राफर हा प्रशिक्षित तंत्रज्ञ धरतो. डॉक्टर चित्रं वाचून रिपोर्ट देतो. त्यामुळे सोनोग्राफरला पारखणारी संस्था लागली: एआरडीएमएस, स्थापना 1975. आधी एसपीआय ही भौतिकशास्त्र आणि यंत्राची परीक्षा, 2 तासांत 110 प्रश्न. मग पोट, प्रसूती, रक्तवाहिन्या अशा एखाद्या विषयाची. दोन्ही 5 वर्षांच्या आत पास व्हायच्या. गुण 300 ते 700 या पट्टीवर, उत्तीर्ण व्हायला 555. त्यानंतर दर 3 वर्षांनी शिक्षणाचे 30 क्रेडिट.

भौतिकशास्त्राचा एवढा आग्रह का, ते मानेच्या कॅरोटिड धमनीच्या डॉपलरवरून, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवरून, कळतं. रक्ताचा वेग काढताना मशीन ध्वनिलहर आणि प्रवाह यांमधल्या कोनाच्या कोसाइनने भागतं, आणि हा कोन माणूस हाताने रेघ फिरवून सांगतो. खरा कोन 60 अंश असताना रेघ 65 वर ठेवली तर वेग 18 टक्क्यांनी फुगतो. खरा वेग सेकंदाला 110 सेंटिमीटर असेल तर पडद्यावर 130 दिसेल. अनेक लॅबमध्ये 125 च्या वर गेलं की धमनी निम्म्याहून अरुंद आहे असं धरतात. पाच अंशांत निरोगी माणूस पेशंट होतो.

व्यक्तीचं प्रमाणपत्र एक, लॅबची मान्यता दुसरी. लॅबसाठी तिथे एआययूएम, एसीआर आणि आयएसी या तीन संस्था आहेत. मान्यता 3 वर्षांची. त्या खऱ्या पेशंटांची चित्रं आणि रिपोर्ट नाव झाकून मागवतात, तज्ज्ञांकडून तपासून घेतात. गंमत म्हणजे बहुतेक राज्यांत सोनोग्राफरला सरकारी परवाना लागतच नाही. ओरेगॉन, न्यू मेक्सिको अशी थोडीच राज्यं त्याला अपवाद. शिस्त लावतात ती हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या.

ऑस्ट्रेलियात सरकारी मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर सोनोग्राफरचं नाव एएसएआर या संस्थेच्या नोंदवहीत असावं लागतं. ब्रिटनमध्ये सोनोग्राफर स्वतः रिपोर्टही लिहितात, तरी ‘सोनोग्राफर’ ही पदवी कायद्याने संरक्षित नाही. तिथे केस नावाचा संघ अभ्यासक्रमांना मान्यता देतो.

आपल्याकडे प्रोब डॉक्टरच्याच हातात. रेडिओलॉजीत किंवा स्त्रीरोगात पदव्युत्तर पदवी नसलेल्या एमबीबीएस डॉक्टरसाठी 2014 च्या नियमांनी 6 महिन्यांचं, 300 तासांचं प्रशिक्षण ठरवलं. रेडिओलॉजिस्टांची आयआरआयए, सोसायटी ऑफ फीटल मेडिसिन अशा डॉक्टरांच्या संघटना परिषदा आणि प्रशिक्षण घेतात, पण सदस्यत्व म्हणजे परीक्षा नव्हे. सेंटरच्या दर्जासाठी एनएबीएच या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मेडिकल इमेजिंगची मान्यता आहे. ती ऐच्छिक आहे.

हात चांगला असूनही मशीन दगा देऊ शकतं. मान्यतेच्या संस्था म्हणूनच देखभालीच्या नोंदी मागतात. तपासायला फँटम वापरतात: ऊतीसारखं जेल, ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर, आत ठरावीक अंतरावर ताणलेले नायलॉनचे तंतू. तंतूंमधलं अंतर मशीनवर मोजून खऱ्याशी ताडून पाहायचं. फँटम जुनं होऊन आतलं पाणी उडालं की वेग बदलतो आणि चांगलं मशीन नापास होतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. याहून सोपी चाचणी बिनखर्चाची आहे. प्रोब पुसून कोरडा करायचा, जेल न लावता हवेत धरून मशीन चालू ठेवायचं. वरच्या बाजूला समान आडव्या रेषा दिसायला हव्यात. त्यात उभा काळा पट्टा असला तर त्या जागचे, ध्वनिलहरी सोडणारे क्रिस्टल मेलेले आहेत. प्रोब एकदा फरशीवर पडला की असं होतं, आणि पेशंटच्या चित्रात ते सहज लक्षातही येत नाही.

पेशंटला यातलं काय तपासता येईल? एफएमएफ प्रमाणपत्रधारकांची देशवार यादी त्यांच्या वेबसाइटवर खुली आहे. एनटी करून घेण्याआधी, प्रोब ज्यांच्या हातात असणार त्या डॉक्टरांचं नाव त्यात बघावं. सेंटरच्या मालकाचं बघून उपयोग नाही. यादीत प्रत्येक तपासणीचं प्रमाणपत्र वेगळं दिलेलं असतं. एनटीसाठी नाव असलं म्हणून गर्भाच्या हृदयाची तपासणीही तितकीच पारखलेली आहे, असं होत नाही. एआरडीएमएसनेही फीटल इकोची, म्हणजे गर्भाच्या हृदयाच्या सोनोग्राफीची, परीक्षा प्रसूतीच्या परीक्षेपासून वेगळी ठेवली आहे.