काडेपेटीने अडवलेली लिफ्ट: एस्टोनियातल्या उंच मनोऱ्यांची पार्श्वभूमी

एस्टोनियात डोंगर म्हणावा असं काही नाहीच. देशातली सर्वांत उंच टेकडी सूर मुनामागी, नावाचा अर्थ ‘मोठा अंड्याचा डोंगर’, आणि उंची 318 मीटर. राजधानी टॅलिनमधला टीव्ही टॉवर 314 मीटरचा. टेकडी समुद्रसपाटीपासून मोजतात आणि टॉवर पायथ्यापासून, त्यामुळे ही तुलना थोडी लबाडीची आहे. पण इथला सपाट मुलूख तिच्यावरून नीट कळतो. टेकडीवरही लोकांनी 1939 मध्ये 29 मीटरचा मनोरा बांधलाच.

कोएरू आणि वाल्ग्यार्वे इथले प्रक्षेपणाचे खांब टॉवरपेक्षाही उंच, साडेतीनशे मीटरच्या आसपास आहेत. मात्र ते तारांनी ताणून उभे केलेले सांगाडे. गोष्टी आहेत त्या टॅलिनमध्ये. इथे उंची राहायला जागा कमी म्हणून आलेली नाही. लांबून दिसावं, लांबचं ऐकू यावं, आपला आवाज लांब जावा, यासाठी माणसं वर चढत गेली.

सुरुवात ओलेविस्ते चर्चपासून. नॉर्वेचा राजा, पुढे संत मानला गेलेला ओलाफ, त्याच्या नावाचं हे चर्च 1267 मध्ये पहिल्यांदा कागदोपत्री येतं. त्याचा निमुळता कळस आज 123.8 मीटरवर जातो. एकेकाळी तो 159 मीटर होता आणि ही जगातली सर्वांत उंच इमारत होती, असं आजही सांगितलं जातं. जुनी मापं वाचताना झालेला हा घोटाळा असावा, असं अभ्यासक म्हणतात आणि मलाही तेच पटतं. एवढं खरं, की व्यापारी गलबतांना बंदर लांबून ओळखायला या कळसाचा उपयोग होई. विजेलाही तो तितकाच सहज सापडे. 1625 मध्ये वीज पडून चर्च जळलं, 1820 मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळची डागडुजी 1840 पर्यंत चालली.

दंतकथा अशी: एका अनोळखी गवंड्याने चर्च बांधायचं कबूल केलं, पण मजुरी अवाच्या सवा मागितली. ‘माझं नाव ओळखलंत तर पैसे माफ.’ गावकऱ्यांचा हेर त्याच्या घराबाहेर कान लावून बसला. आत बायको बाळाला निजवताना गात होती, ओलेव लवकरच घरी येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी तो शेंड्यावर क्रूस बसवत असताना खालून हाक आली, ‘ओलेव, क्रूस वाकडा झालाय!’ तो दचकला, पडला आणि मेला. त्याच्या तोंडातून एक बेडूक आणि एक साप बाहेर पडले.

चोरून ऐकण्याचं पुढे सरकारी खातंच झालं. एस्टोनिया सोव्हिएत संघात होता तेव्हा याच कळसाचा केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने, रेडिओसाठी वापर केला. 1965 मध्ये हेलसिंकीहून फेरीबोट सुरू झाली, फिनलंडचे पर्यटक येऊ लागले, त्यांच्यासाठी 1972 मध्ये विरू हॉटेल उभं राहिलं. बांधलं फिनिश कंपनीने. लिफ्टमध्ये बटणं 22 मजल्यांची, इमारत 23 मजल्यांची! वरच्या मजल्यावर केजीबीची रेडिओ खोली होती आणि दारावर पाटी, ‘इथे काहीही नाही’. खोल्यांमध्ये लपवलेल्या मायक्रोफोनांमुळे हॉटेल ‘मायक्रोकाँक्रीट’चं आहे, निम्मे माइक आणि निम्मं काँक्रीट, असा विनोद रूढ झाला. त्या मजल्यावर 2011 पासून संग्रहालय आहे.

टीव्ही टॉवरचं निमित्त मॉस्को ऑलिंपिकचं. मॉस्कोला समुद्र नाही, म्हणून 1980 च्या शिडाच्या नौकांच्या शर्यती टॅलिनला आल्या आणि त्यांच्या प्रक्षेपणासाठी शहराच्या पिरिता या किनारी भागाजवळच्या जंगलात हा टॉवर उभा राहिला. पायाभरणी 1975 ची, उद्घाटन 11 जुलै 1980 चं.

त्याची खरी कसोटी अकरा वर्षांनी लागली. ऑगस्ट 1991 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झालं. 20 तारखेच्या रात्री एस्टोनियाच्या संसदेने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत सैनिक प्रक्षेपण थांबवायला टॉवरपाशी पोहोचले. बाहेर लोक जमलेले, वर बाविसाव्या मजल्यावर युरी योस्त आणि पेटर मिल्ली हे दोन ऑपरेटर. लिफ्टचं दार मिटू नये म्हणून फटीत काडेपेटी अडकवलेली. दार मिटलं नाही तर लिफ्ट जागची हलत नाही, एवढं साधं गणित. सैनिकांना जिन्याने चढावं लागलं. आत घुसलात तर आग विझवायच्या यंत्रणेतला फ्रिऑन वायू सोडू, अशी धमकी वरून मिळाली. तो सुटला असता तर बंद खोलीतला प्राणवायू संपला असता, धमकी देणाऱ्यांचाही. दुपारपर्यंत मॉस्कोतलं बंड फसल्याचं स्पष्ट झालं आणि सैनिक परत फिरले.

त्यानंतरच्या काचेच्या इमारतींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 2007 मधलं तीस मजली हॉटेलही 117 मीटरवरच थांबतं, म्हणजे ओलेव जिथून पडला त्याच्या खालीच. त्याच वर्षी टीव्ही टॉवर बंद झाला आणि 2012 मध्ये दुरुस्त होऊन उघडला. आता वरच्या जमिनीत काचेची झाकणं आहेत. त्यांवर उभं राहून, पावलांखाली पावणेदोनशे मीटर मोकळी हवा पाहायला लोक तिकीट काढतात. वर जायला लिफ्ट चालू आहे.