पाहुण्यांची वाट पाहू शकेल असं मटण

धुळवडीची एक बातमी दरवर्षी ठरलेली: मटणाच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा. यंदा त्या रांगेत स्टीलचा डबा घेऊन मीही उभा होतो. घरी चौदा माणसं जेवायला होती आणि निघताना बायकोनं बजावलं होतं, "अहो, मांडीचंच आणा. पाहुण्यांना काय हाडं वाढायची?" मी आणलं ते फऱ्याचं, मानेचं आणि वर चार नळ्या. हा लेख म्हणजे त्या गुन्ह्याचा खुलासा.

आमच्याकडे साडेबाराचं आमंत्रण असलं की पाहुणे दोनला उगवतात. तेव्हा दीड तास चुलीवर ताटकळूनही बिघडणार नाही, असंच मांस आणलेलं बरं. ही सहनशक्ती फऱ्यात आणि मानेत आहे. मांडीत ती कमी, आणि कोंबडीच्या छातीत जवळजवळ नाहीच.

अर्थात त्याआधी कोणाला काय चालतं ते विचारावं लागतं. माझ्या आत्याचं सासर बोल्हाईचं. पुण्याजवळच्या वाडे बोल्हाईच्या देवीला मानणाऱ्या अनेक घरांत शेळी-बोकड वर्ज्य, मेंढीचंच मटण चालतं. म्हणून तिच्यापुरतं अर्धा किलो वेगळं. मेंढीच्या मटणाला जो खास वास येतो तो तिच्या चरबीतल्या फाटे फुटलेल्या मेदाम्लांचा. जनावर जून होत जातं तसा तो वाढतो, म्हणून जून मेंढीची वरची चरबी काढून टाकली की वासही बराच उतरतो. शिवाय मेंढी-बोकडाची चरबी चाळीसेक अंशांच्या पुढेच नीट वितळते. ताट निवलं की ओठांवर मेणासारखा थर बसतो तो यामुळेच. मटण गरमच वाढावं, गप्पा नंतर.

आता फऱ्याकडे. मांस म्हणजे दोन स्वभावांच्या प्रथिनांचा एकत्र संसार. एक म्हणजे आकुंचन-प्रसरण करणारे स्नायूतंतू. साधारण ५० अंशांपासून त्यांतलं मायोसिन गोठू लागतं, ६५ ते ७५ च्या आसपास ॲक्टिनही गोठतं, तंतू आखडतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. या मंडळींना उष्णता जितकी कमी तितकी बरी. दुसरं म्हणजे या तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारं कोलॅजन. त्याला उष्णता हवी आणि वेळही हवा. कोंबडीच्या छातीत कोलॅजन नावापुरतं, त्यामुळे ७४ अंशांना ती तयार होते आणि पुढचा अर्धा तास तिचा नुसता चोथा होत राहतो. बोकडाचा पुढचा पाय आणि मान मात्र दिवसभर राबणारे अवयव, म्हणून तिथे कोलॅजन भरपूर.

हा कोलॅजनचा रेणू माझा जुना लाडका आहे, तेव्हा जरा सबुरीनं घ्या. तीन पेडांची घट्ट वेणी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पेड म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि तिच्यात दर तिसरा मणी ग्लायसीनचा. कारण सगळ्यांत लहान मणी तोच, आणि वेणीच्या आतल्या बाजूला तेवढीच जागा असते. उरलेल्या मण्यांत प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन बरेच. प्रोलीनचं हायड्रॉक्सिप्रोलीन करायला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्या सडायच्या, त्या वेणी ढिली पडल्यामुळे. बोकड हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो, आपल्याला ते आवळ्या-लिंबांतून घ्यावं लागतं.

अशा अनेक वेण्या शेजारीशेजारी रचून तंतू होतो आणि लायसिल ऑक्सिडेज नावाचं, तांब्यावर चालणारं विकर त्यांना एकमेकींशी टाके घालतं. सुरुवातीचे टाके दोन रेणूंना जोडणारे आणि उष्णतेनं सुटणारे असतात. महिने-वर्षं जातात तसे त्यांतून तिघांना एकत्र बांधणारे पिरिडिनोलीनसारखे पक्के टाके तयार होतात, आणि ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणजे जून बोकडाच्या अंगात कोलॅजन कोवळ्यापेक्षा फार जास्त असतं असं नाही, त्याची शिवण पक्की झालेली असते. ब्रॉयलर कोंबडी झटपट शिजते तीही यामुळेच. ती जेमतेम सहा आठवड्यांची असते, टाके पिकायला तिला वेळच मिळालेला नसतो. "हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणून ती मऊ" हे दर धुळवडीला कोणीतरी ऐकवतंच. हजारो पक्ष्यांना धरून धरून सुया टोचणं कुठल्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल? ती झपाट्यानं वाढते ती पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. प्रतिजैविकांच्या वापराबद्दल प्रश्न जरूर विचारावेत, ते खरे आहेत.

तर आता ही वेणी पातेल्यात पडली. साधारण ६० ते ६५ अंशांना कोलॅजनचे तंतू एकदम आखडतात. म्हणजे शिजताना मधल्या टप्प्यावर मटण कच्च्यापेक्षाही वातड लागतं. नेमकं तेव्हा कोणीतरी झाकण काढून तुकडा चावून बघतं आणि खाटकाच्या नावानं बोटं मोडतं. त्याचा दोष नसतो. ७० च्या पुढे पेड सावकाश सुटत जातात आणि सुटलेल्या पेडांचं जिलेटिन होतं. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून चोथा झालेले स्नायूतंतूही तोंडात ओलसर लागतात. उघड्या पातेल्यात याला दोन-तीन तास लागतात. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तेच काम अर्ध्यापाऊण तासात होतं.

'किती शिट्ट्या?' या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. शिट्टी वाफ जादा झाल्याचं सांगते, वेळ सांगत नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा मिनिटांत होतील, मंद आचेवर पाऊण तासातही होणार नाहीत. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करावी आणि घड्याळ बघावं. मीठ आधी घातलं की मटण शिजत नाही, हाही तसाच समज. मिठानं मायोसिन थोडं विरघळतं आणि मांस पाणी जास्त धरतं, तेव्हा हळद-मीठ लावून ते खुशाल ठेवा. कच्च्या पपईतलं पपेन मात्र जपून. ते वरवरच काम करतं आणि जास्त झालं तर बाहेरून लगदा, आतून वातड असा प्रकार होतो.

सुरमई मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. माशांचं कोलॅजन बरंच कमी तापमानाला सुटतं, त्यामुळे तुकडी तव्यावर काही मिनिटांत होते आणि थांबवली की गेली. पाटपाणी झाल्यावरच तवा ठेवायचा.

पाहुणे सव्वादोनला आले. रस्सा साडेबारापासून बारीक आचेवर तसाच होता. आत्यानं नळी ताटावर ठोकून मगज काढला. बायको काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

उरलेला रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवू नये. काही जीवाणूंची बीजाणुरूपं शिजूनही टिकतात आणि मोठं पातेलं हळूहळू निवताना भराभर वाढतात. म्हणून मी तो पसरट डब्यांत ओतून लगेच फ्रिजमध्ये सारला. सकाळी मुलानं एक डबा काढून उलटा केला. वर लाल तेलाचा थर, खाली थरथरणारी लालसर वडी, आणि एक थेंबही पडला नाही. "बाबा, याच्यानं आजीचे गुडघे बरे होतील?" त्यानं विचारलं. मोबाईलवर कोलॅजन पावडरीची जाहिरात बघितली असणार. पोटात गेलं की या वेणीचे मणी सुटे होतात आणि शरीर ते लागतील तिथे वापरतं, त्यांना गुडघ्याचा पत्ता कोणी देत नाही, असं मी सांगू लागलो. तोवर त्यानं डबा गॅसवर ठेवला होता.